मातीवरून टाक

“आधी पाय, बर्नी. मग कंबर. मग खांदा. हात सगळ्यांत शेवटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. आणि मातीवरून टाक, गवतावरून नको.”

हे शब्द माझ्या नवऱ्याचे, लेनचे. इस्पितळातल्या खाटेवर, नाकात नळी असताना त्याने हे सांगितलं. मी उशाशी जपमाळ ओढत बसले होते. अशा वेळी इतर बायकांचे नवरे काय बोलतात ते मी ऐकून आहे. कुणी क्षमा मागतं, कुणी विम्याचे कागद कुठल्या खणात आहेत ते सांगतं. माझ्या नवऱ्याने मला चेंडू कसा फेकायचा ते सांगितलं.

उभ्या संसारात मी कधी चेंडू फेकला नव्हता. फेकणारे वेगळेच होते. लेन काचेच्या कारखान्यातून घरी आला की आमच्या मागच्या अंगणात गावची मुलं जमायची. उन्हाळ्यात बेसबॉलचे पिचर, पानं गळायला लागली की फुटबॉलचे क्वार्टरबॅक. एक चेंडू गोल, दुसरा दोन्ही टोकांना निमुळता. पण लेनच्या मते चेंडू कुठलाही असो, अंग एकच असतं. जोर जमिनीतून येतो, पायातून कंबरेत चढतो, कंबरेतून खांद्यात, आणि हाताने फक्त तो पोहोचवायचा असतो. जो नुसत्या हाताने फेकतो त्याचा खांदा तिशीत जातो, असं तो सांगायचा, आणि तो हे सांगत असताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत असायचे.

“मी गेलो की फायरहाऊसमागच्या मैदानाला ते माझं नाव देतील,” तो पुढे म्हणाला. नम्रतेचा त्रास लेनला कधीच नव्हता. “मोसमाचा पहिला चेंडू टाकायला तुला बोलावतील. असे पाहुणे येतात ना, ते गवतावर अर्ध्या वाटेत उभे राहतात आणि कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखा चेंडू टाकतात. तू तसं करायचं नाहीस. पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर चढायचं आणि पार शेवटपर्यंत टाकायचा. मध्ये टप्पा पडता कामा नये.”

“आणि झेलणार कोण?” मी विचारलं.

“ती फेकणाऱ्याची काळजी नव्हे.”

मी हो म्हटलं. हातात माळ होती, ती ठेवून म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं की काय कोण जाणे. माळ हातात धरून दिलेला शब्द हा नुसता नवऱ्याला दिलेला शब्द राहत नाही. मग त्याने व्हॅनिलाचं पुडिंग मागितलं, अर्धं खाल्लं, आणि त्या आठवड्यात तो गेला.

फेब्रुवारीत नगरपालिकेच्या क्रीडा विभागातून मार्लीनचा फोन आला. आगीचे बंब उभे असतात त्या फायरहाऊसमागच्या मैदानाला लेनचं नाव द्यायचं ठरलं होतं. ईस्टरनंतरच्या शनिवारी मोसम सुरू होईल, आणि पहिला चेंडू मी टाकावा अशी सगळ्यांची फार इच्छा होती. मी “बरं” म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी या एका शब्दाने सुरू झालेल्या आहेत.

ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी गोड सोडतं, कुणी बिअर. माझी शेजारीण डोलोरेस दरवर्षी रागावणं सोडते आणि पहिल्या शुक्रवारपर्यंत पुन्हा धरते. मी ठरवलं, यंदा काही सोडायचं नाही, उलट धरायचं. रोज सकाळी अख्खी माळ, आणि दर मण्याला एक नमो मरिया आणि एक फेक. ईस्टरपर्यंत हात तयार होईल आणि पुण्यही पदरी पडेल.

पण मनात शंका आली, की प्रार्थनेत चेंडू आणलेला पवित्र मातेला चालतो का. म्हणून शनिवारी पापनिवेदनाच्या वेळी फादर साबोलना विचारलं. मला काय माहीत की फादर सेमिनरीत पाद्री व्हायचं शिकत असताना पिचर होते. जाळीपलीकडून ते म्हणाले, “मातेची काही हरकत नसेल. पण डावा खांदा लवकर उघडू नकोस.” खांदा उघडणं म्हणजे हात येण्याआधीच अंग समोर वळणं, हे मला तेव्हा कळलं, आणि तिथून जे सुरू झालं ते संपेचना. खांदा बंद म्हणजे किती बंद, पाऊल कुठे पडावं, त्यांच्या वेळचे प्राध्यापक काय शिकवत आणि ते कसं चूक होतं. एकदा त्यांनी हात कसा वळवायचा ते दाखवलं असावं, कारण लाकडी भिंतीवर जोरात धक्का बसला आणि आतून “हे देवा” असं ऐकू आलं. मी बाहेर आले तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. एवढा वेळ पुरेल एवढी पापं या बाईने केली कधी, असा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सरळ प्रश्न होता, आणि दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी नव्याने आदर.

गुप्तता तिथेच संपली. आमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात फेक या विषयावर मत नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीचं जेवण असतं. मी ताट घेऊन बसले न बसले तोच माझ्या कोपराची चर्चा सुरू झाली. खाटीक म्हणाला, कोपर खांद्याच्या खाली गेलं की संपलं. बँकेतल्या बाईच्या मते कोपराला काही अर्थ नाही, सगळं मनगटात आहे. एकाने काट्याला टोचलेला मासा घेऊन माझ्या डोक्यामागून पूर्ण फेक करून दाखवली आणि मासा पलीकडच्या टेबलावर गेला. त्यावर तिथल्या लोकांनी, मासा चांगला गेला पण पाऊल आडवं पडलं, असं मत दिलं. माझं कोपर माझ्या देखत, जणू ती गटाराची नवी पाइपलाइन असावी तसं, चर्चेला घेतलं होतं. डोलोरेस सॉफ्टबॉल खेळलेली. तिचं म्हणणं साधं होतं. “एवढे हाल कशाला करून घेतेस गं? खालून टाक. बायकांनी खालूनच टाकावा.” यावर अर्धं टेबल तिच्यावर तुटून पडलं, आणि त्या भांडणात माझा कोबी गार झाला.

मग कॉफी आली, माणसं जोडीजोडीने उठली, कोटांच्या बाह्यांत एकमेकांचे हात घालून दिले गेले, आणि मी माझा कोट स्वतःच चढवला. घरी चालत येताना लक्षात आलं, की सल्ला द्यायला अख्खं तळघर होतं. ‘चल, मी समोर उभा राहतो, टाक’ असं मात्र एकानेही म्हटलं नव्हतं. फेकणं ही दोघांची गोष्ट आहे हे इतकी वर्षं बटाटे सोलताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हा मी गॅरेजच्या दाराला पाहुण्यांच्या खोलीतली जुनी गादी उभी लावली. लेनची चेंडूंची बादली काढली. अंतर मोजायला दोरी तिथेच होती, त्यावर लेनने गाठ मारून ठेवलेली: साठ फूट सहा इंच. हे वरचे सहा इंच कुणाला कशासाठी सुचले असतील, यावर मी त्या महिन्यात बराच विचार केला. बहुधा तो कुणी अविवाहित माणूस असावा.

पहिली फेक डोलोरेसच्या पक्ष्यांच्या पाणवठ्यात गेली. दुसरी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. पण हळूहळू चेंडू गादीच्या दिशेने जाऊ लागले, आणि मग एकेक गादीला लागू लागला. आणि गादीला लागून तिथेच पडायचा. लेनच्या वेळी अंगणातून सबंध संध्याकाळ ‘थप्प, थप्प’ ऐकू यायचं, चामड्याच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचं, आणि प्रत्येक थप्पनंतर तो परत यायचा. गादीत आवाज होत नाही. चेंडू जातो आणि गप्प होतो. बादली रिकामी झाली की आपणच चालत जायचं, आपणच वेचायचे, आपणच परत यायचं.

रे टोमको कुंपणापलीकडून बघायचा. तो आमचा डाव्या बाजूचा शेजारी, निवृत्त पोस्टमन, विधुर, आणि कट्टर फुटबॉलवाला. त्याचं आणि लेनचं वर्षानुवर्षं भांडण होतं: फेकण्याआधी चेंडू कानाशी ठेवायचा की हात मागे लांबवायचा. लेन म्हणायचा, फुटबॉलला कानाशी, बेसबॉलला लांब. रे म्हणायचा, सगळ्यालाच कानाशी. एवढ्यावरून दोन म्हातारी माणसं अंधार पडेपर्यंत कुंपणाला टेकून एकमेकांना गाढव म्हणत. लेन गेल्यावर रेने माझ्या दाराशी एक भांडंभर पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणून ठेवल्या होत्या, आणि त्यानंतर बोलायला त्याच्याकडे काही उरलं नसावं.

आता मात्र त्याला विषय मिळाला. “टेलिफोन धरतात तसा कानाशी धर,” तो कुंपणावरून म्हणायचा. मी मान हलवायचे, आणि लेनने सांगितलं होतं तसाच टाकायचे. “लेनच्या हट्टाने टाकतेयस,” तो म्हणायचा आणि आत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

लेनचा एक व्यायाम टॉवेलचा होता. चेंडूऐवजी हातात टॉवेलचं टोक धरायचं, पूर्ण फेक करायची, आणि टॉवेलचं दुसरं टोक समोरच्या खुर्चीवर सपकन बसलं पाहिजे. म्हणजे हात पुढे नीट आला. मी तो दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी डोलोरेस, मी टॉवेलने मधमाश्या हाणतेय असं समजून, त्या मारायचा फवारा घेऊन कुंपणातून घुसली आणि मी नको नको म्हणेपर्यंत खुर्ची, टॉवेल आणि माझा डावा बूट तिने फवारून काढला. तिचा हेतू चांगला होता. डोलोरेसचा हेतू नेहमीच चांगला असतो, आणि तोच पुढे नडला.

इथे मला माझ्या एका जुन्या नेमाबद्दल सांगायला हवं. सकाळी उठल्यापासून जपमाळ पूर्ण होईपर्यंत मी दुसरा शब्द तोंडातून काढत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. लेन याला ‘सुट्टी’ म्हणायचा. माझी की त्याची, ते त्याने कधी स्पष्ट केलं नाही.

पवित्र आठवड्यातली गोष्ट. मी लेनच्या सगळ्यांत आवडत्या व्यायामापर्यंत आले होते. उजवा गुडघा जमिनीवर टेकायचा, डावा पाय पुढे, आणि पायांच्या मदतीशिवाय फेकायचं. पाय काढून घेतले की वरच्या अंगाच्या लबाड्या उघड्या पडतात, असं तो म्हणे. गुडघ्यांचं मला काही नवल नव्हतं. आमच्या चर्चमध्ये माझ्याएवढे वापरलेले गुडघे थोडेच असतील. डावा हात छातीशी घट्ट धरायचा असतो, नाहीतर अंग बाजूला पडतं. त्या मुठीत माळ होती. अंगणात अर्धवट वितळलेला बर्फ. मी लेनचा जुना कोट घालून एका गुडघ्यावर, ओठ हलताहेत, चेंडू जाताहेत. बादली रिकामी झाली तेव्हा शेवटची दहा नमो मरिया राहिली होती. म्हणून ती मी चेंडूशिवायच, नुसता हात फिरवत म्हणायला लागले.

आता हेच वरच्या खिडकीतून डोलोरेसला कसं दिसलं असेल ते बघा. विधवा शेजारीण पहाटे बर्फात गुडघ्यावर कोसळलेली आहे. एक हात छातीशी आवळलेला. दुसरा हात हवेत मदत मागतो आहे.

तिने खिडकी उघडून हाक मारली. मी बोलू शकत नव्हते. मी बोट वर करून ‘थांब’ म्हणून खुणावलं. सकाळपासून फेकून फेकून ते बोट थरथरत होतं.

रुग्णवाहिका फार लवकर आली. आमच्या गावात हीच एक गोष्ट लवकर येते. दोन धिप्पाड माणसं आणि एक तरुण बाई धावत अंगणात शिरली. नाव काय, बाई? मी ओठ हलवले. पण ते पवित्र मातेशी हलत होते. कुठलं साल चालू आहे? मी बोटानेच जरा दम धरा म्हटलं. मग त्या मुलीने सांगितलं, हसून दाखवा. विचारलंच आहे तर हसावं, म्हणून मी हसले. आमच्या माहेरी सगळ्यांचं हसू डावीकडे जरा उतरतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता दोन्ही हात वर करा. डावा गेला. उजवा, देवाशपथ, खांद्याच्या वर जाईना.

मला स्ट्रेचरवर घालून, पट्टे आवळून उचललं. डोलोरेस नाइटगाऊनमध्ये रडत होती. रे कुंपणाशी चहाचा कप धरून उभा होता. तो पहिल्यांदाच माझ्या फेकीबद्दल काही बोलला नाही. गाडीत भोंग्याच्या आवाजात मी उरलेले मणी ओढले, माळेचा क्रूस ओठांना लावला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “सुप्रभात. मी बर्नडेट हुडाक. मला काही झालेलं नाही. माझे चेंडू अंगणात राहिलेत, ते तेवढे कुणीतरी उचला.”

त्या मुलीने लिहून घेतलं: रुग्ण गोंधळलेली, चेंडू मागते.

संध्याकाळी सगळ्या तपासण्या करून, काही झालेलं नाही असं ठरवून त्यांनी मला घरी सोडलं. अंगणात अंधार पडायला आला होता. चेंडू बादलीत भरलेले होते, चिखल पुसून, आणि बादली मागच्या पायरीवर ठेवलेली. डोलोरेसने ठेवली असेल असं मला वाटलं. मग वाटलं, डोलोरेसने ठेवली असती तर फवारून ठेवली असती.

डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही’ म्हटलं ते इस्पितळातच राहिलं. गावात फिरलं ते दुसरंच. मार्लीनने मला कार्यालयात बोलावून घेतलं, खुर्ची ओढून दिली, आणि एरवी बोलते त्याच्या दुप्पट आवाजात, सावकाश, विचारलं, की मला ऐकू येतं का. मग तिने समजावलं. रुग्णवाहिका आली म्हणजे नोंद झाली. नोंद झाली म्हणजे विमा कंपनीला कळवणं आलं. डॉक्टरांचं पत्र लागेल. मी पत्र आणलं. त्यात लिहिलं होतं की या बाई हलक्या वस्तू फेकू शकतात. मग बेसबॉल ही हलकी वस्तू आहे का, यावर समितीची बैठक झाली. वजनकाटा टपाल कचेरीतून मागवला. समितीचं एकमत होईना, तेव्हा मधला मार्ग निघाला. मी चेंडू टाकावा. पण मातीचा उंचवटा निसरडा आणि उतरता असतो, तेव्हा गवतावरून, जवळून टाकावा. समोर झेलायला स्वतः नगराध्यक्ष वार्गो उभे राहतील.

मी म्हणाले, “मार्लीन, मातीवरून टाकीन असा शब्द मी लेनला दिलाय.”

मार्लीनने माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते. “बर्नी,” ती म्हणाली, “तू सुखरूप राहावीस, हेच लेनला हवं असणार.”

लेन गेल्यापासून हे एक झालं आहे. त्याला काय हवं होतं ते माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक झालं आहे. मी त्याचा शिकारीचा कोट ठेवला तर तो द्यायला हवा होता. दिला असता तर ठेवायला हवा होता. मी फ्लोरिडात बहिणीकडे जावं असं लेनला वाटत होतं, हे मला खाटकाने सांगितलं. खुद्द लेनने जी एकच गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली ती मात्र कुणाला पटण्यासारखी नव्हती. मला एवढं सगळं बोलता आलं असतं तर मी बोलले असते. मी “बरं” म्हटलं.

तो शनिवार उजाडला तेव्हा ऊन पडलं होतं आणि अख्खं गाव मैदानावर होतं. नावाच्या पाटीवर चादर घातली होती. गवतावर माझ्यासाठी पांढऱ्या रंगाने फुली मारलेली होती, अपघाताच्या जागी मारतात तशी. उंचवटा माझ्या पाठीमागे होता. लेनने जन्मभर ज्याबद्दल सांगितलं ती लालसर माती, नुकतीच ओढून सारखी केलेली, आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

ध्वनिक्षेपकावरून एक माणूस म्हणाला की लेन हुडाकची पत्नी, नुकतीच अर्धांगवायूच्या झटक्यातून जिद्दीने उठलेली बर्नडेट, आपल्यात आलेली आहे. लोक उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. काहींनी डोळे पुसले. मला हात वर करून ‘तसं काही नाही हो’ म्हणायचं होतं, पण मी हात वर केला तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या, कारण तो वर गेला होता.

मार्लीनने मला कोपराला धरून फुलीवर आणून उभं केलं. समोर नगराध्यक्ष वार्गो, सूट घातलेले, दोन्ही गुडघे नवे बसवलेले, प्रसाद घ्यायला आल्यासारखा हातमोजा पुढे धरून. इतके जवळ, की त्यांच्या टायवरची बदकं मला मोजता आली असती. ते म्हणाले, “टाका बाई, घाबरू नका. हळूच टाका.”

मी हळूच टाकायला शिकलेच नव्हते. मला एकच फेक येत होती. मी मागचा पाय रोवला. कंबर वळली. खांदा बंद राहिला, फादरनी सांगितलं तेवढा. हात शेवटी आला.

चेंडू नगराध्यक्षांच्या टोपीवरून सरळ रेषेत गेला, मागची उरलेली सगळी जागा त्याने ओलांडली, आणि खऱ्या झेलणाऱ्याचा मोजा जिथे असतो त्या उंचीवर मागच्या जाळीवर आदळला. नगराध्यक्ष खाली बसले. नवे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे ते बसले ते थेट चिखलात. चेंडू जाळीवरून उडून पाटीच्या दोरीला लागला, चादर भाषणाआधीच खाली आली आणि वाजंत्रीवाल्यांच्या ट्रॉम्बोनवर पडली.

 मग हशा पिकला, मग टाळ्या, आणि मग माणसं एकेक करून माझ्यापाशी आली. काही हरकत नाही, बर्नी. एवढ्या मोठ्या आजारानंतर एवढं तरी जमलं. नेम चुकायचाच. डोलोरेस म्हणाली, मी सांगितलं होतं खालून टाक. नगराध्यक्षांची पँट पुसायला तिघी गेल्या. एकालाही ती फेक दिसली नव्हती. जो एक माणूस कंबर आधी वळली की खांदा, एवढंच बघत जन्मभर अंगणात उभा राहिला, त्याचं नाव आता पाटीवर होतं, आणि पाटीला डोळे नसतात.

मी बाकावर बसले होते तेव्हा रे आला. हातात दोन हॉट डॉग होते, त्यातला एक त्याने माझ्यापुढे धरला. बराच वेळ तो समोर मैदानाकडे बघत खात राहिला.

“कानाशी नव्हता धरलास,” तो म्हणाला.

“नाही.”

“हात शेवटी आला पण.”

एवढंच बोलला. मग कागदी रुमालाने बोटं पुसून म्हणाला, “गाढव होता तो,” आणि उठून गेला. बोटं पुसण्याच्या त्या तऱ्हेवरून मला माझ्या पायरीवरची ती पुसलेली चेंडूंची बादली आठवली.

घरी आल्यावर सूप गरम केलं. दोन वाट्या काढायची सवय अजून जात नाही. एक परत ठेवली. गादी गॅरेजपाशी उभीच होती, मध्ये खळगा पडलेली. कार्यक्रम पार पडला होता, फोटो निघाले होते, मार्लीनने फोन करून आभारही मानले. सगळ्यांच्या लेखी झालं होतं. माळ मात्र खुंटीवर होती, आणि ती हातात घेतली की त्या खाटेपाशी दिलेला शब्द मणी मोजताना मध्येच येत होता. गवतावरून टाकला, बर्नी. कोंबड्यांना टाकतात तसा नाही, हे कबूल. पण गवतावरूनच.

रविवारी सकाळी लवकर उठले. चर्चमधल्या मिस्सेला, रविवारच्या उपासनेला, अजून वेळ होता. लेनचा कोट चढवला, उजव्या खिशात एक चेंडू टाकला, डाव्या हातात माळ घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. फायरहाऊसमागच्या मैदानाला कुलूप नसतं.

रे त्याच्या पडवीत कॉफी घेऊन बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे. “बर्नी,” त्याने हळूच विचारलं, “एवढ्या सकाळी तिकडे झेलायला कोण आहे?”

माझी माळ अर्धीही झाली नव्हती. मी बोट वर केलं. ते ‘थांब’ होतं की ‘ये’, हे त्याचं त्याने ठरवावं; माझ्या बोटाचे अर्थ लोक आपापलेच लावतात. पाठीमागे खुर्ची सरकल्यासारखी वाटली, किंवा तो वारा असेल. मी वळून पाहिलं नाही. वळून बघितलं की डावा खांदा उघडतो.

रस्ता ओला होता. फायरहाऊसकडे जाणाऱ्या उतारावर मी पुढचा मणी धरला, ओठांतल्या ओठांत नमो मरिया सुरू केली आणि चालू लागले. आधी पाय.